लेकुरवाळा प्रवास : थोडी पूर्वतयारी, मोठा दिलासा

रायगडावरील हिरकणी बुरुजाची आख्यायिका महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. दूध घालावयास गडावर गेलेल्या हिरकणीस सायंकाळी दरवाजे बंद झाल्याने परत फिरता येईना. घरी तान्हे मूल वाट पाहत होते. अखेर ती माउली रात्रीच्या अंधारात अवघड कडा उतरून बाळाजवळ पोहोचली. राज्यातील एस.टी. स्थानकांत स्तनदा मातांसाठी जे स्वतंत्र कक्ष ठेवण्यात आले, त्यांस 'हिरकणी कक्ष' हे नाव देण्यामागे हीच कथा आहे. हिरकणीला बाळापर्यंत पोहोचण्यासाठी कडा उतरावा लागला. आजच्या आईला बाळ कडेवर घेऊन लांबचा पल्ला गाठावयाचा असतो, आणि तिची अडचण निराळी असली तरी लहान नाही.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. तेव्हापासून माहेरपण, लग्नकार्य, जत्रा, दवाखाना आणि उन्हाळी सुटी या निमित्तांनी होणारा ग्रामीण कुटुंबाचा प्रवास मुख्यतः याच गाडीने होत आला आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी. भाड्यात ५० टक्के सवलत मिळू लागल्यावर मुलांना घेऊन एकट्याने प्रवास करणे अनेक मातांच्या आवाक्यात आले. अशा वेळी हा प्रवास मुलांना सोसवेल कसा, त्यांचे आरोग्य व सुरक्षितता कशी राखता येईल, याचा विचार पालकांप्रमाणेच शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायत सदस्य यांनीही करणे उचित ठरेल.

मुलांना प्रवास अधिक का बाधतो?

लहान मूल म्हणजे प्रौढ माणसाची केवळ छोटी आकृती नव्हे. नवजात अर्भकाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. वर्षाच्या सुमारास हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास येते. वजनाच्या मानाने मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असल्यामुळे उन्हाची झळ त्याला लवकर लागते व शरीरातील पाणीही लवकर कमी होते. मोठा माणूस तहान लागताच पाणी मागतो. तान्हे मूल रडते, आणि पुष्कळदा त्या रडण्याचा अर्थ 'कंटाळले' असा लावला जातो.

दुसरे कारण मुलाच्या दिनक्रमाशी निगडित आहे. झोप, भूक व शौच यांच्या ठरलेल्या वेळा प्रवासात मोडतात. भुकेले, झोपमोड झालेले मूल चिडचिडे होते व त्याला मळमळही लवकर होते. मुलाच्या नेहमीच्या वेळांना धरून प्रवासाची आखणी केल्यास निम्मी अडचण आपोआप दूर होते.

निघण्यापूर्वी

उन्हाळ्यात पहाटेची वा सकाळची पहिली गाडी गाठावी. दुपारी बारा ते चार या वेळात मुलांसह रस्त्यावर अथवा स्थानकात तिष्ठत राहण्याचा प्रसंग शक्यतो टाळावा. गाडी बदलावी लागणार असेल, तर दोन गाड्यांमध्ये पुरेसे अंतर ठेवावे. धावपळीतच सामान विसरते, आणि मूल हातून सुटण्याचा धोकाही त्याच वेळी अधिक असतो.

भाड्याचे नियम आधीच ठाऊक असल्यास वाहकाशी वाद होत नाही. एस.टी.त ५ वर्षांखालील मुलास तिकीट लागत नाही. ५ ते १२ वर्षे वयाच्या मुलास अर्धे तिकीट पडते. रेल्वेतही ५ वर्षांखालील मूल विनातिकीट प्रवास करू शकते. मात्र २१ एप्रिल २०१६ पासून आरक्षित डब्यात ५ ते १२ वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र शायिका हवी असल्यास पूर्ण भाडे द्यावे लागते. ती नको असल्यास अर्धे भाडे पुरते. मुलाच्या वयाचा पुरावा, निदान त्याची प्रत, जवळ बाळगावी.

सामान जितके कमी तितका प्रवास सुकर. आईच्या एका हातात मूल असेल तर सामानासाठी एकच हात उरतो, हे ध्यानात घेऊन ते बांधावे. मोठी पिशवी वर ठेवावी व एक लहान पिशवी हाताशी ठेवावी. तीत कपड्यांचे दोन जोड, सुती दुपटे, ओले फडके, पाणी, खाऊ, ओकारीसाठी न फाटणाऱ्या दोन-तीन पिशव्या, क्षारसंजीवनीची पाकिटे आणि चालू असलेली औषधे असावीत. लसीकरणाची नोंद असलेले माता व बाल संरक्षण कार्ड लांबच्या प्रवासात अवश्य सोबत घ्यावे. वाटेत दवाखान्यात जाण्याची वेळ आलीच, तर डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.

शिदोरी आणि पाणी

सहा महिन्यांखालील अर्भकास आईच्या दुधाखेरीज अन्य कशाचीही, उन्हाळ्यात पाण्याचीसुद्धा, आवश्यकता नसते. मात्र प्रवासात त्याला अधिक वेळा पाजावे लागते. आईने स्वतः भरपूर पाणी पिणेही तितकेच महत्त्वाचे आहे. शौचालय मिळणार नाही या धास्तीने अनेक माता दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि त्यामुळे त्यांना थकवा व डोकेदुखी सोसावी लागते. स्थानकांवर स्वच्छ शौचालय असण्याचा संबंध असा थेट आईच्या व बाळाच्या आरोग्याशी पोहोचतो.

वरचे दूध घेणाऱ्या मुलासाठी घरून भरून घेतलेले दूध उष्ण हवेत फार वेळ टिकत नाही. दुधाची बाटली व तिचे बूच प्रवासात नीट धुणे व उकळणे अशक्यप्राय असल्याने तिच्याऐवजी वाटी-चमचा किंवा स्वच्छ बोंडले वापरावे.

मोठ्या मुलांसाठी जुन्या पिढीची शिदोरी आजही उपयुक्त आहे. दुधात भिजवलेली दशमी, गूळपोळी, तिखटमिठाच्या पुऱ्या, राजगिऱ्याचे लाडू आणि केळी हे पदार्थ कोरडे किंवा सालीने झाकलेले असल्याने टिकतात व हात फारसे खराब करीत नाहीत. याउलट शिजवलेला भात, ओल्या नारळाची चटणी व रस्साभाजी उन्हाळ्यात लवकर नासतात. स्थानकाबाहेर उघड्यावर कापून ठेवलेली फळे व रंगीत बर्फ मुलांना देऊ नये. पिण्याचे पाणी घरून उकळून गार करून घ्यावे.

एका गोष्टीचा विशेष उल्लेख आवश्यक आहे. शेंगदाणे, फुटाणे आणि कठीण गोळ्या हा प्रवासातील नेहमीचा खाऊ होय. चार वर्षांखालील मुलाच्या बाबतीत तो धोक्याचा ठरतो. या वयात दाढा पुरेशा आलेल्या नसतात, गाडीला धक्के बसत असतात, आणि हसता-रडताना अखंड दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. मूल एकाएकी गुदमरले व त्याला खोकता वा रडता येत नसेल, तर एक वर्षाखालील बाळास पालथे, डोके खाली करून हातावर घ्यावे आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्याव्यात. नंतर त्यास उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाब द्यावा. वर्षापुढील मुलास पाठीवर पाच थापा दिल्यानंतर पाठीमागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत व वरच्या दिशेने पाच वेळा दाब द्यावा. अडकलेली वस्तू निघेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा व त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घशात दिसत नसलेली वस्तू बोटाने चाचपडून काढू नये; त्यामुळे ती आणखी खोल जाते.

गाडी लागणे : कारण व उपाय

घाटरस्त्याच्या पहिल्या वळणालाच मूल पांढरे पडते, त्याला घाम फुटतो आणि ओकारी होते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. शरीराचा तोल राखणारी यंत्रणा कानाच्या आतील भागात असते. गाडी हलत असल्याचा संदेश ती मेंदूस देते. त्याच वेळी मुलाची दृष्टी समोरच्या आसनाच्या पाठीवर, पुस्तकावर अथवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर खिळलेली असेल, तर डोळे सर्व काही स्थिर असल्याचे कळवितात. या परस्परविरोधी संदेशांतून मळमळ उद्भवते. दोन वर्षांखालील मुलांना हा त्रास क्वचितच होतो. दोन ते बारा या वयात तो अधिक दिसतो व पुढे बहुधा कमी होत जातो.

कारण कळले की उपायही सुचतो. मुलाला दूरचे क्षितिज, डोंगर, झाडे पाहावयास लावावे. गाडीच्या मागील बाजूचे आसन टाळावे, कारण मागच्या चाकांपलीकडील भागास धक्के अधिक बसतात. पुढील किंवा दोन्ही चाकांच्या मधील आसन घ्यावे. निघण्यापूर्वी पोट अगदी रिकामे ठेवू नये, तसेच तेलकट पदार्थांनी भरूही नये. खिडकीतून मोकळी हवा येऊ द्यावी. औषध द्यावयाचे असल्यास ते डॉक्टरांच्या सल्ल्याने व वजनाप्रमाणेच द्यावे. मुलाने वाटेत झोपून राहावे एवढ्यासाठी सर्दीचे वा अन्य गुंगीचे औषध देण्याची पद्धत घातक आहे. लहान मुलाचा श्वास त्यामुळे मंदावू शकतो.

मन रमविण्याची साधने

बाहेर पाहण्याने मळमळ कमी होते आणि करमणूकही साधते. मैलाच्या दगडांचा खेळ या दृष्टीने उत्तम. दगडाचा माथा पिवळा असल्यास तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असल्यास राज्य महामार्ग आणि नारिंगी असल्यास ग्रामीण रस्ता, एवढे सांगितले की मूल पुढचा दगड शोधू लागते. त्यावरील अंक वाचून 'आता किती किलोमीटर उरले?' याची वजाबाकी ते स्वतःच करते. ओलांडलेल्या नद्यांची नावे, शेतात उभी असलेली पिके, गावांच्या नावांच्या भेंड्या आणि कोडी यांना कोणतेही साहित्य लागत नाही. शिक्षकांनी सुटीपूर्वी 'प्रवासात मी काय पाहिले' एवढे टिपून आणण्यास सांगितले, तर भूगोलाचा एक पाठ वाटेतच पूर्ण होईल.

चढताना, उतरताना आणि रस्त्यावर

बसच्या प्रवासातील मोठा धोका पुष्कळदा गाडी थांबल्यानंतरचा असतो. उतरलेले मूल आनंदाने गाडीच्या पुढून अथवा मागून रस्ता ओलांडू पाहते. उंच आसनावरील चालकास गाडीला अगदी चिकटून असलेले लहान मूल दिसत नाही, आणि समोरून येणाऱ्या वाहनासही ते गाडीआड असल्याने दिसत नाही. गाडी निघून जाऊन दोन्ही बाजूंचा रस्ता स्पष्ट दिसू लागल्यावरच मुलाचा हात, किंबहुना मनगट, धरून रस्ता ओलांडावा. उतरताना मोठ्या माणसाने आधी उतरावे व मग मुलास उतरवून घ्यावे. चढताना मुलास पुढे ठेवावे. खिडकीबाहेर हात किंवा डोके काढू देऊ नये.

खासगी मोटारीतून प्रवास होत असल्यास मुलास पुढच्या आसनावर मांडीवर बसविणे अत्यंत धोकादायक आहे. जोराचा धक्का बसल्यास कितीही घट्ट धरलेले मूल हातात राहत नाही. २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) अधिनियमानुसार १४ वर्षांखालील मुलास सुरक्षापट्टा अथवा योग्य बालआसनाविना नेणाऱ्या चालकास १,००० रुपये दंड आहे. दुचाकीवर चार वर्षांवरील प्रत्येकास शिरस्त्राण आवश्यक आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा, बालशिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा हे नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित होऊन एका वर्षाने अमलात आले. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत मुलास क्षणभरही एकटे सोडू नये; आतील तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंश सेल्सिअसने वाढू शकते.

वाटेत जुलाब सुरू झाले तर

प्रवासात पाणी व अन्न बदलते, हात धुण्याची सोय नसते आणि जुलाब सुरू होतात. जुलाबात मुलाच्या जिवावर बेतते ते मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने निघून गेल्याने. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण तोंडाने पाजून असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. तेच साधे तत्त्व आज प्रत्येक आईच्या पिशवीत पाकिटाच्या रूपाने राहू शकते.

पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात संपूर्ण पाकीट एकाच वेळी मिसळावे. अर्ध्या पाकिटाचे अंदाजे द्रावण करू नये. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो, म्हणून माप काटेकोर असावे. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप व त्यापुढील मुलास अर्धा ते एक कप द्रावण चमच्याने, घोट घोट पाजावे. ओकारी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा अधिक सावकाश द्यावे. तयार द्रावण २४ तासांनंतर वापरू नये. स्तनपान चालूच ठेवावे. डोळे खोल जाणे, मूल मलूल पडणे, सहा तासांत लघवी न होणे, चिमटीत धरून सोडलेली कातडी सावकाश पूर्ववत होणे किंवा शौचातून रक्त पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढचा प्रवास थांबवून जवळचे आरोग्य केंद्र गाठावे. गंतव्यस्थानी पोहोचण्याची घाई मुलाच्या जिवापेक्षा मोठी नसते.

चुकामूक झाल्यास

जत्रा, वारी व गर्दीची स्थानके येथे मुलाची चुकामूक होण्याचे प्रसंग घडतात. पालकाचा दूरध्वनी क्रमांक व गावाचे नाव लिहिलेली चिठ्ठी मुलाच्या खिशात आतील बाजूस ठेवावी. मुलाचे नाव मात्र कपड्यांवर ठळक लिहू नये, कारण नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसावर मूल चटकन विश्वास ठेवते. बोलता येणाऱ्या मुलाकडून आईवडिलांचे पूर्ण नाव व गाव पाठ करून घ्यावे. 'हात सुटला तर जागेवरच थांबायचे, आणि गणवेशातील वाहकाला, पोलिसाला किंवा कडेवर मूल असलेल्या बाईला सांगायचे' एवढा एकच नियम शिकवावा. निघण्यापूर्वी मुलाचे त्या दिवशीच्या कपड्यांतील छायाचित्र काढून ठेवल्यास शोधकार्य सोपे होते. चाईल्डलाइनचा १०९८, आपत्कालीन ११२ आणि रेल्वेचा १३९ हे क्रमांक प्रत्येक शाळेच्या फलकावर असावेत.

ज्यांचा प्रवास हौसेचा नसतो

येथवरचे विवेचन सुटीच्या प्रवासाचे झाले. बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी हंगामाच्या प्रारंभी ऊसतोडणीसाठी हजारो कुटुंबे मुलांसह निघतात. मालमोटारीत वा ट्रॅक्टरच्या जोडगाडीत संसार भरला जातो आणि त्या सामानावर मुले झोपतात. पडण्याचा, थंडीवाऱ्याचा आणि धुळीचा धोका त्यांना रात्रभर असतो. मालवाहू वाहनातील असा प्रवास नियमबाह्य तर आहेच; पण कुटुंबाला दुसरे साधन न मिळाल्याने तो घडतो. निदान स्त्रिया व मुले यांना बसने पाठविण्याची व्यवस्था मुकादम व कारखाना यांच्याकडून व्हावी, असा आग्रह ग्रामसभेत धरता येईल.

या मुलांचा प्रवास एका दिवसात संपत नाही. त्याचे परिणाम सहा महिने टिकतात. गाव सोडण्यापूर्वी अंगणवाडी सेविकेने मुलाचे वजन व लसीकरण नोंदवून कार्ड आईच्या हाती द्यावे आणि पोषण ट्रॅकरवरील नोंद नव्या ठिकाणच्या अंगणवाडीत वर्ग होऊ शकते, हे तिला सांगावे. शिक्षकांनी शिक्षण हमी पत्रक द्यावे. ज्या गावी मुले जातील, तेथील शाळेनेही ध्यानात ठेवावे की, २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमानुसार शाळा सोडल्याचा दाखला येण्यास विलंब झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आजी-आजोबांकडे मूल ठेवणे शक्य असेल तेथे हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून त्याला गावातच राहता येते, आणि मग तो खडतर प्रवास टळतो.

गावाने काय करावे?

मुलांचा प्रवास सुखाचा होणे केवळ आईच्या कौशल्यावर अवलंबून राहू नये. बसथांब्यावर सावली व बसण्यास ओटा, पिण्याच्या पाण्याचा झाकलेला माठ व ओगराळे, आतून कडी लागणारे व पाणी असलेले स्त्रियांचे शौचालय, स्तनपानासाठी आडोसा, आणि वेळापत्रकाचा वाचता येईल असा फलक या पाच गोष्टींसाठी मोठ्या निधीची गरज नाही. शाळेसमोरील थांब्यापाशी गतिरोधक व पांढरे पट्टे आखून घेण्यासाठी बांधकाम विभागाकडे ठराव पाठविता येतो. स्थानकातील हिरकणी कक्ष कुलूपबंद राहणार नाही, त्याची किल्ली कोणाकडे आहे हे दारावर लिहिलेले असेल, एवढे पाहणे स्थानिक अधिकाऱ्यांच्या हाती आहे.

कडेवर मूल, खांद्यावर पिशवी आणि बोटाला धरलेले दुसरे मूल अशी एखादी माता गाडीत चढत असता कोणी पिशवी धरावी, कोणी जागा द्यावी, कोणी खिडकी उघडून द्यावी, ही रीत आपल्या गावांत जुनीच आहे. तिला थोडे शास्त्रीय ज्ञान आणि थोडी सार्वजनिक व्यवस्था यांची जोड मिळाली, तर बाळासाठी कडा उतरण्याची वेळ कोणत्याही आईवर येणार नाही.